घरचं कार्य आणि अपंग पाहुणे : यादीपासून पाठवणीपर्यंत

पत्रिका येते. मागोमाग फोनही येतो, आणि फोन ठेवता ठेवता ते वाक्य येतं : "यायलाच हवं असं काही नाही हं, उगाच तुम्हाला त्रास नको." बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतं : आपण न गेलेलंच बरं, हे ठरून गेलंय आणि ते दुसऱ्याच कुणीतरी ठरवलंय. अपंग माणसांना समाजातून बाहेर ठेवण्याचं काम बहुतेक वेळा असंच होतं. कुणी हाकलत नाही, कुणी भांडत नाही. त्यांच्या वतीने परस्पर निर्णय मात्र होतो.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे हजारी सव्वीसच्या आसपास. ही मोजणी आठ प्रकारांपुरती होती. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकार आहेत. तरी जुनाच आकडा धरू. चारशे पानांचं लग्न असेल तर हिशेबाने दहा जण अपंग असायला हवेत. गुडघे गेलेले आजी-आजोबा वेगळेच. आठवून बघा, शेवटच्या लग्नात किती दिसले? आपल्याकडे आई-वडिलांच्या पुण्यतिथीला अंधशाळेत जेवण द्यायची पद्धत आहे, मुलांचे वाढदिवस मतिमंद मुलांच्या शाळेत केक कापून साजरे होतात. त्याच घरच्या लग्नाच्या पंगतीत मात्र एकही अंध माणूस नसतो. तिकडे जाऊन वाढायला आपण तयार असतो, इकडे शेजारी बसवून घ्यायची वेळ आली की हॉलला पायऱ्या आहेत हे आठवतं.

हा लेख कार्य काढणाऱ्यांसाठी आहे. लग्न मध्ये धरून लिहिलाय; मुंज, वास्तुशांत, साठी, सोसायटीचा गणपती यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. माझी मोठी बहीण व्हीलचेअर वापरते, त्यामुळे पायऱ्या आणि दारांबद्दल मी जास्त बोलणार, हे आधीच सांगते. बाकीचं ज्यांना अनुभव आहे त्यांच्याकडून शिकलेलं आहे.

यादी आणि आमंत्रण

यादी करताना "जोशी ४" असं लिहू नका, नावं लिहा. आकडा लिहिला की आतल्या खोलीत असणारा पाचवा माणूस धरलाच जात नाही. पत्रिकेवरही "सहकुटुंब" म्हणून भागवू नका. त्या घरातला अपंग मुलगा तीस वर्षांचा असेल तर त्याच्या नावाने आमंत्रण द्या. फोनही त्यालाच करा, आईला नको. तो बहिरा असेल तर व्हॉट्सअॅपवर लिहा किंवा व्हिडिओ कॉल करा. बोलायला वेळ लागत असेल तर थांबा. वाक्य मध्येच तुम्ही पुरं करू नका.

विचारायचं काय? "जमेल का तुला?" हे नाही. या प्रश्नाचं सोपं उत्तर "नाही" असतं आणि अनेक वर्षांच्या सवयीने तेच येतं. त्याऐवजी असं म्हणा : "आम्ही रविवारी हॉल बघायला जातोय. तुला तिथे काय काय लागेल ते आत्ताच सांग, म्हणजे बघूनच ठरवतो." आता काम तुमच्याकडे आलं. व्हीलचेअर घडीची आहे की बॅटरीची, तिची रुंदी किती, दोन-चार पायऱ्या धरून चढता येतात का, खुणांची भाषा वापरता की ओठांवरून समजतं, मोठ्या आवाजाचा त्रास होतो का, सोबत कोण येणार, हे सगळं विचारा. आजाराचं नाव, तो कधी झाला, डॉक्टर काय म्हणतात, याच्याशी तुम्हाला काही करायचं नाही. दाराची रुंदी मोजायला निदान लागत नाही.

सोबत येणाऱ्या मदतनिसाचं पान यादीत धरा. ताईबरोबर येणाऱ्या मावशींना "तुम्ही नंतर बसा" असं सांगणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्या नंतर बसल्या तर ताईला जेवताना मदत कोण करणार, हा विचार तिथे नसतो. आणि समजा मदत लागत नसली तरी दारापर्यंत आलेलं माणूस पाहुणाच की.

आता नाजूक भाग. कांदेपोह्यांच्या दिवशी अपंग भावाला किंवा बहिणीला मामाकडे पाठवून देणं अजून चालतं, चांगल्या शिकल्या-सवरल्या घरांत चालतं. कारण विचारलं तर "स्थळ हातचं जाईल." घरातलं माणूस लपवून जमलेलं लग्न पुढे प्रत्येक सणाला त्याला लपवायला लावतं, कारण आता सांगायचं कसं हा प्रश्न वाढतच जातो. त्यामुळे बायोडेटामध्ये "एक भाऊ, एक बहीण" लिहिताना सगळी भावंडं लिहा आणि पहिल्याच फोनवर सरळ सांगा. अपघात, पोलिओ, मेंदूज्वर, जन्मताना प्राणवायू कमी पडणं यातून आलेलं अपंगत्व पुढच्या पिढीत उतरत नाही. काही प्रकार आनुवंशिक असतात हेही खरं. समोरच्यांना शंका असेल तर जनुकीय सल्ला देणारे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे दोन्ही घरांनी जावं. शेजारच्या काकूंच्या मतापेक्षा ते बरं.

"मांडवात नको, शुभकार्य आहे" असं म्हणणारं कुणीतरी घरात निघतंच. त्याच्याशी वाद घालायचं काम नवरीवर टाकू नका. घरात ज्याचा शब्द चालतो त्या आजोबांनी किंवा मोठ्या काकूंनी आठ दिवस आधी एकदाच सांगून टाकावं. नुसतं सांगण्यापेक्षाही काम सोपवलं की तोंडं बंद होतात. नवरीमागे करा घेऊन असणारी करवली खुर्चीत बसून करा धरू शकते. अंध मामा भाचीचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत आणू शकतो, वाट तिला दिसतेच आहे. गतिमंद भाऊ अक्षता वाटू शकतो, आणि मन लावून वाटतो.

हॉल बघायला जाताना टेप न्या

मॅनेजरला फोनवर "व्हीलचेअर येते का?" विचारलं तर उत्तर "हो हो, येते ना" असंच मिळतं. त्याचा अर्थ बहुधा "आमची चार पोरं उचलतात" असा असतो. म्हणून स्वतः जा, कापडी किंवा स्टीलचा टेप न्या. शक्य असेल तर खुर्ची वापरणाऱ्या नातेवाइकालाच बरोबर न्या. अर्ध्या तासात तो जे दाखवेल ते तुमच्या दहा फेऱ्यांत दिसणार नाही.

फाटकापासून सुरुवात करा. गाडी कुठे थांबेल, तिथून दारापर्यंत खडी आहे की फरशी? खडीत पुढची लहान चाकं रुततात. मग पायऱ्या मोजा आणि प्रत्येकीची उंची मोजा. उताराचं साधं गणित असं : एक भाग उंचीला बारा भाग लांबी. पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर उतार लागतो. चार पायऱ्या म्हणजे साठ सेंटिमीटर, म्हणजे ७.२ मीटर. त्यामुळे "फळी टाकू" हे एका पायरीपुरतं ठीक, तीही जाड, कडा धरून बसणारी आणि न घसरणारी असेल तर. पुष्कळ हॉलमध्ये उतार असतो, पण तो केटररच्या ट्रॉलीसाठी केलेला, घसरगुंडीसारखा. त्यावरून भरलेलं पातेलं जातं, माणूस जात नाही. उताराची रुंदी निदान १२० सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना कठडा असायला हवा.

पुढे दारं. नव्वद सेंटिमीटर मोकळी जागा असेल तर उत्तम. साधी खुर्ची पासष्ट-सत्तर सेंटिमीटरची असते, पण ढकलणाऱ्याचे किंवा चाक फिरवणाऱ्याचे हात चौकटीला घासतात. दोन झडपांचं दार असेल तर दुसरं झडप त्या दिवशी उघडं राहील का, की वरची कडी गंजलीय, ते तिथेच उघडून बघा.

लिफ्ट आहे म्हटलं की आत खुर्ची नेऊन दार बंद होतं का ते बघा. सामानाची लिफ्ट दाखवत असतील तर ती माणसांसाठी नाही, विषय संपला. आणि जेवणाचा हॉल! आपल्याकडे लग्न तळमजल्यावर आणि जेवण तळघरात किंवा वरच्या मजल्यावर, ही रचना कुणी काढली देव जाणे. लिफ्ट नसेल तर खालीच, सगळ्यांत मिसळून, चार-सहा टेबलं लावायला सांगा आणि तिथे घरची इतर मंडळीही बसवा. अपंग पाहुण्याला एकट्याला खाली ताट पाठवून देणं म्हणजे डबा पोचवणं झालं.

स्वच्छतागृह शेवटी बघतात, ते आधी बघा. आत खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ मोकळं लागतं, कमोड हवा, भिंतीला धरायला दांडा हवा आणि दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. काही हॉलमध्ये असं स्वच्छतागृह खरंच असतं, फक्त त्याला कुलूप असतं आणि आत झाडू, बादल्या, मोडक्या खुर्च्या भरलेल्या असतात. ते रिकामं करून, धुऊन, किल्ली कुणाकडे राहील हे ठरवून घ्या. हॉलच्या करारावर लिहूनच घ्या. हे इतकं ताणून सांगायचं कारण असं, की शौचालयाची खात्री नसली की माणसं सकाळपासून पाणी पीत नाहीत. भर मे महिन्यात, नऊवारी नेसून, पाण्याचा घोट न घेता दिवस काढणाऱ्या बायका तुमच्या लग्नात हसून फोटोत उभ्या असतात.

उचलून नेण्याबद्दल. चार जण खुर्चीसकट उचलतात हा उपाय नाही. पडण्याची भीती असते, साडी सरकते, सगळा मांडव बघत असतो. अगदीच इलाज नसेल तर आधी त्या व्यक्तीला विचारा आणि ती सांगेल तसं करा. एरवी नियम एवढाच : खुर्ची वर नेताना पाठमोरी, मागची मोठी चाकं पायरीला टेकवून, एक जण मागच्या मुठी धरणार आणि दुसरा पुढून लोखंडी चौकट. हातांचे आणि पायांचे आधार धरून उचलू नका, ते निघून हातात येतात. दोन्ही ब्रेकची जागा आधी समजून घ्या. न विचारता मागून खुर्ची ढकलायला लागणं हे तर उभ्या माणसाला कमरेला धरून सरकवण्यासारखंच आहे.

मॅनेजर म्हणाला, "आमचा खाजगी हॉल आहे, आम्हाला नियम नाहीत," तर त्याला शांतपणे सांगा. २०१६च्या कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत लोकांचा वावर असलेल्या खाजगी इमारतीही येतात. व्यावसायिक, धार्मिक, सांस्कृतिक, मनोरंजनाच्या कामासाठीच्या इमारतींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या इमारती सुगम्य, म्हणजे अपंगांना सहज वावरता येतील अशा, करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७चे, म्हणजे मुदत २०२२ सालीच संपली. कायदा मोडल्यास पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत आणि पुढच्या वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका करणाऱ्या राजीव रतुरी यांच्या प्रकरणात केंद्राला खडसावलं, की सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत. तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. लग्नाच्या गडबडीत कुणी तक्रारी करत बसणार नाही हे मलाही कळतं. पण अनामत रक्कम देण्याआधी "उतार आणि स्वच्छतागृह झालं तर बुकिंग नक्की" असं म्हणणारी तीन-चार गिऱ्हाईकं लागोपाठ आली की सिमेंट आपोआप येतं. गिऱ्हाइकाचा हा जोर आपण वापरतच नाही.

गाड्या

वऱ्हाडाच्या बसची पायरी गुडघ्याएवढी उंच असते. तिथे खुर्ची वापरणाऱ्याला किंवा कुबड्यांवर चालणाऱ्याला कार लागते. उंच गाडी "ऐसपैस" म्हणून पाठवू नका, सीट खुर्चीच्या पातळीला असली तरच स्वतःहून सरकता येतं. डिकी रिकामी आहे का विचारा : सीएनजीच्या गाडीत सिलिंडर असतो आणि घडीची खुर्ची मावत नाही. बॅटरीची खुर्ची सहसा घडी होत नाही, तिला वेगळी व्यवस्था हवी. ड्रायव्हरला हे आदल्या दिवशी सांगा. दारात उभा राहून "अरे, हे पण न्यायचंय का?" असं तो म्हणाला की पाहुण्याचा अर्धा उत्साह तिथेच संपतो.

मांडवात

चपला बाहेर काढायची सक्ती असेल तर लक्षात ठेवा, कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, बहुधा बुटालाच जोडलेलं असतं आणि कृत्रिम पायही बुटाच्या उंचीच्या हिशेबाने बसवलेला असतो. बूट काढा म्हणजे पाय काढा म्हणण्यासारखं होतं. खुर्चीच्या चाकांबद्दल कुणी नाक मुरडलं तर दाराशी ओलं फडकं ठेवा, चाकं पुसली की झालं. गालिच्याच्या सुरकुत्या आणि साउंडच्या वायरी चिकटपट्टीने जमिनीला धरून बसवा. याने धावणारी पोरंही पडायची थांबतील.

व्हीलचेअरसाठी जागा रांगेतून दोन खुर्च्या काढून करा, पुढेही आणि मध्येही, म्हणजे माणूस आपल्या मंडळींबरोबर बसेल. वाटेत किंवा शेवटच्या भिंतीपाशी "पार्क" करू नका. मंगलाष्टकं सुरू झाली की सगळे उभे राहतात, तेव्हा बसलेल्याला नुसत्या पाठी आणि अंबाडे दिसतात. अंतरपाट दूर होतो तो क्षण ताईने कितीतरी लग्नांत फक्त टाळ्यांवरून ओळखलाय. म्हणून बोहल्याच्या बाजूला, अगदी पुढे, एक पट्टा मोकळा ठेवा आणि तिथे उभं राहायचं नाही हे दोन स्वयंसेवकांना सांगून ठेवा. फोटोग्राफरला सर्वांत आधी सांगा, तोच आडवा येतो. आणि स्टेजवर चढता येत नसेल तर नवरा-नवरीने दोन मिनिटं खाली यावं. फोटो खालीही छान येतो.

बहिऱ्या पाहुण्यांसाठी उजेड महत्त्वाचा. बोलणाऱ्याच्या तोंडावर प्रकाश हवा, पाठीमागे नको. तोंडात विडा असताना बोललेलं ओठांवरून कुणालाच वाचता येत नाही. ओरडून काही साधत नाही. ओरडताना ओठांचा आकार बिघडतो आणि चारचौघं वळून बघतात ते वेगळंच. श्रवणयंत्र सगळाच आवाज मोठा करतं, त्यामुळे डीजेच्या जवळ बसवू नका. कार्यक्रमाचा क्रम, कुणाचं कोण, कोण काय बोललं, हे मोबाइलवर लिहून देणारं एक भाचरू शेजारी बसवा. पाच-सहा जण खुणांची भाषा वापरणारे असतील तर दुभाषी बोलवा, आणि दिवसभराचं कार्य असेल तर दोन, कारण सलग अर्धा तास केलं की हात आणि डोकं दोन्ही थकतात. पण खरी उपेक्षा कार्यक्रमात नसते. ती गप्पांत असते. सगळे खदखदून हसतात, ती विचारते "काय झालं?" आणि उत्तर मिळतं "काही नाही गं, असंच." हे "काही नाही" म्हणायचं नाही, एवढं एक घरात सगळ्यांना बजावून ठेवा. विनोद शिळा झाला तरी सांगा.

अंध पाहुण्यांशी "सांगा बघू मी कोण?" हा खेळ खेळू नका. आधी नाव सांगा, कुणाकडचे ते सांगा, मग बोला. निघताना "मी जरा आत जाते" असं सांगून निघा, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. नेताना हात धरून ओढू नका, तुमचं कोपर त्यांना धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. पायरी आली की "पायरी, वर" किंवा "पायरी, खाली" एवढं पुरे. पांढरी काठी "इथे कोपऱ्यात ठेवते" म्हणून लांब नेऊ नका. खोलीत पोचल्यावर पाण्याची जागा, दार आणि स्वच्छतागृह कुठल्या बाजूला ते सांगा. आणि मांडव कसा सजलाय, नवरीचा शालू कुठल्या रंगाचा आहे, हेही सांगा. अंध माणसाला रंगांत रस नसतो हा समज कुणी पसरवलाय ठाऊक नाही.

पान

जेवणाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपली जुनी पंगत या बाबतीत बुफेपेक्षा शहाणी होती. पानात मीठ वर मध्ये, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं; उजवीकडे भाज्या, वाटीत आमटी; समोर वरण-भात. जागा ठरलेल्या. न बघता हात बरोबर तिथे जातो. वाढणारे फिरत असतात, उठायचं नसतं, ताट हातात पेलायचं नसतं. बुफेने हे सगळं मोडलं : काउंटर छातीएवढे उंच, ताट एका हातात, वाट्या घसरणाऱ्या, आणि रांगेत मागून धक्के. मांडीवर गरम आमटीचं ताट ठेवून दोन्ही हातांनी चाकं फिरवायची कशी?

जमिनीवरची पंगत सगळ्यांना झेपणारी नाही, ते कबूल. पण टेबल-खुर्चीची पंगत अजून मिळते. बुफेच ठरला असेल तर काही टेबलांवर वाढप्यांना पंगतीसारखं वाढायला सांगा आणि तिथे ज्याला बसायचंय तो बसू दे; आजी-आजोबा, लेकुरवाळ्या बायका आपोआप जमतील, "अपंगांचं टेबल" अशी पाटी लागणार नाही. टेबलाखाली गुडघे जातील एवढी जागा हवी, आणि झालरीच्या आत आडवी पट्टी नाही ना ते वाकून बघा. एक बाजू खुर्चीविना ठेवा.

अंध पाहुण्याला पानाची मांडणी एकदा सांगा, नंतर नवीन पदार्थ वाढताना "उजवीकडे, भाजीच्या खाली, मसालेभात" असं बोलत वाढा. मुकाट्याने वाढलेली गरम जिलबी बोटाला चटका देते. हात थरथरणाऱ्यांना खोल वाटी, जड चमचा, स्ट्रॉ आणि अर्धाच भरलेला पेला द्या. सांडलं तर पुसून टाका, त्यावर बोलू नका.

वाढप्यांना एक गोष्ट पढवून ठेवा. "यांना भात वाढू का?" असं शेजारच्याला विचारायचं नाही. ज्याचं पान, त्याला विचारायचं. खुर्चीतल्या चाळिशीच्या बाईला "तू काय घेतेस बाळा?" आणि तिच्याच वयाच्या शेजारणीला "मॅडम, पुरी?" हा फरक रोज पाहायला मिळतो. तुम्हीही इतरांना जसं काका, मावशी, वहिनी म्हणता तसंच म्हणा. अहो-जाहोचं वय झालेल्या माणसाला अहो-जाहोच करा, त्याची बुद्धी मंद असली तरी.

लहान मुलं, स्वमग्न मुलं आणि मोठी झालेली मुलंही

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या आई-बापांनी लग्नांना जायचंच सोडून दिलेलं असतं. एकदा कुणीतरी "पोराला जरा आवरा की" म्हणालेलं असतं. त्यांना बोलावताना सांगा : पूर्ण वेळ थांबायची अट नाही, अर्धा तास आलात तरी चालेल, आणि आतली एक खोली तुमच्यासाठी मोकळी आहे. वधूपक्षाच्या खोल्यांपैकी एक खरोखर मोकळी ठेवा. तिथे पंखा असावा, दार लावता यावं, दागिन्यांच्या पेट्या आणि झोपलेल्या आत्या नसाव्यात. हॉलचे चार फोटो आणि कार्यक्रमाचा क्रम आधी पाठवला तर आई मुलाला ते दाखवून तयारी करून घेते. बॅन्ड आणि फटाके कधी वाजणार त्याची वेळ सांगा. हळदीचा ओला हात अंगाला लावताना, डोक्यावर अक्षता पडताना काही मुलं बिथरतात, त्यांना कडेला बसू द्या. पाया पडायला, पापा द्यायला जबरदस्ती नको. ओरडलाच तर सगळ्यांनी आपापल्या गप्पा चालू ठेवाव्या. आई-बापांना सर्वांत मोठी मदत तीच.

बोलणी

"कशामुळे झालं हो हे?", "आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत", "पत्रिका दाखवली का?", "मागच्या जन्मीचं काही...". हे प्रश्न येणारच. उत्तर देत बसायची पाळी पाहुण्यावर येऊ देऊ नका. यजमानाने मध्ये पडून "काकू, चला ना, तुम्हाला व्याही बोलावतायत" म्हणून काकूंना हलवावं. वाद घालायची ती जागा नाही. याच्या उलटही घडतं : लग्नाच्या वयाच्या सगळ्या मुलींना "आता तुझा नंबर" म्हणून चिडवतात आणि अपंग मुलीला तेवढी वगळतात. तो प्रश्न कुणालाच विचारू नये हे माझं मत. पण विचारणार असाल तर गाळू तरी नका.

सूत्रसंचालक आणि ऑर्केस्ट्रावाल्याशी आधी बोला. तोतरं बोलण्याची, लंगडण्याची नक्कल करून हशा मिळवणं त्यांच्या हातखंड्यात असतं. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतल्या चित्रणाबद्दल निकाल देताना अपंगांना कमी लेखणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद यांत फरक केला आहे. चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला तर कायद्यात सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. एवढं सांगितलं की नकलांची यादी छोटी होते. तसंच, माइकवरून "आपल्यात आज एक प्रेरणादायी व्यक्तिमत्त्व" म्हणून कुणाला अचानक उभं करू नका, शाल-श्रीफळ तर नकोच. ती तुमच्या मावसभावाच्या लग्नाला आली आहे, सत्काराला नाही. व्हिडिओवाल्यालाही सांगा : खुर्चीतल्या माणसाला नाचताना टिपून, वर करुण संगीत लावून रील करायचं असेल तर आधी त्याला विचार.

नाचायचं म्हणाल तर वरातीत खुर्चीला जागा असते. ट्रॅक्टरच्या मागे नव्हे, मध्ये. रस्ता खड्ड्यांचा असेल तर दोघांनी पुढून बघत राहावं.

निघताना

पाठवणीनंतर यजमान दमलेले असतात आणि व्यवस्था नेमकी तिथे तुटते. लिफ्टवाला साडेचारला निघून गेलेला असतो, उतारावर केटररची पिंपं ठेवलेली असतात, आणि ज्या गाडीने जायचं तिच्यापुढे तीन गाड्या आडव्या लावून त्यांचे मालक मानपान आवरत बसलेले असतात. हे सकाळीच बांधून ठेवा. लिफ्टवाल्याला शेवटचा पाहुणा निघेपर्यंत थांबायचं सांगून त्याचे जादा पैसे आधीच हातावर ठेवा. उतारावर काही ठेवायचं नाही हे केटररच्या मुकादमाला सांगा, मालकाला सांगून उपयोग नसतो. ती गाडी फाटकाकडे तोंड करून लावा आणि ड्रायव्हरचा नंबर त्या पाहुण्याकडेच द्या, म्हणजे निघायची वेळ त्याची तो ठरवेल.

दोन-तीन दिवसांनी फोन करा. "बरं झालं आलात" नंतर "काय अडलं?" हेही विचारा, आणि जे अडलं ते हॉलच्या मॅनेजरला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. पुढच्या मुहूर्ताला तिथे दुसऱ्या कुणाचं लग्न असतं.